बटण बतूलचं, फास तामूचा

नुसतं ऐका हं, मित्रांनो. मध्ये कुणी काही विचारायचं नाही, कारण मला एकदा थांबवलं की मी भलतीकडेच भरकटतो, आणि आज मला सगळं नीट, पहिल्यापासून सांगायचंय.

मी एक जुना गोफ आहे. मनगटात घालतात तो. तपकिरी दोऱ्याच्या गाठी, गाठींच्या मध्ये लाल मणी, एका टोकाला दोऱ्याचंच विणलेलं बटण आणि दुसऱ्या टोकाला फास. बटण फासात गेलं की मी मनगटावर चढलो, निघालं की उतरलो. झालं माझं काम. ऐकायला किती सोपं आहे ना? पण एवढ्याशा कामावरून आमच्या गल्लीत जे काही झालं, ते ऐकाच.

आमची गल्ली सफ्रू नावाच्या गावातली, नदीच्या अलीकडची. दुपारची जेवणं आटपली की बायका आपापल्या उंबऱ्यावर बसतात आणि जेलाब्याची बटणं करतात. जेलाबा म्हणजे पायघोळ झगा, पुरुषही घालतात, बायकाही घालतात, आणि त्याला गळ्यापासून खाली बटणांची लांब ओळ असते. झगे शिवणारे शिंपी तिकडे फेज शहरात, पण बटणं करायची ती आमच्याच गल्लीनं.

आता माझं असं आहे की मी काही एका दिवशी जन्मलो नाही. आधी माझं बटण जन्मलं. बाकीचा मी कितीतरी वर्षांनी.

बटण केलं बतूलनं. तेव्हा ती ऐन तरुण, हातात सुई धरली की सुई दिसायचीच नाही, नुसता दोरा पळताना दिसायचा. दोऱ्याच्या बटणाच्या पोटात कागदाची बारीक गुंडाळी असते, तिच्यावर दोरा विणत जायचा. बाकीच्या बायका त्यासाठी कसलाही पातळ कागद घ्यायच्या. बतूल मात्र साखरेच्या सुळक्यासारख्या ढेपेला गुंडाळलेला तो निळा जाड कागद साठवून ठेवायची आणि तोच वापरायची. म्हणून तिचं बटण टणक. दगडावर आपटा, चेपणार नाही. माझ्या पोटात आजही तो निळा कागद आहे, कुणाला दिसत नाही ती गोष्ट वेगळी.

आणि समोरच्या दारात तामू. तामू दोरीवाली. भिंतीतल्या खिळ्याला दोरा अडकवायचा, गल्लीच्या पार टोकापर्यंत उलट चालत जायचं, पीळ द्यायचा, की झाली दोरी. त्या दोरीचे फास करून झग्यावर बटणांच्या समोर टाचायचे, हे तामूचं काम. म्हणजे बघा, एकीचं बटण, एकीचा फास, एकीवाचून दुसरीचं काम अडलेलं. आणि दोघींचं भांडण एकच. बतूल म्हणायची, तामू, तुझा फास घट्ट. तामू म्हणायची, फास बरोबर आहे बये, तुझंच बटण जाडं. रोज. चहा पिता पिता, मटार सोलता सोलता, हम्माममध्ये अंघोळीला जाता जाता. लग्नं झाली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, पण हे भांडण काही मिटलं नाही. मिटवायचंच नव्हतं कुणाला.

तसं पाहिलं तर फास घट्टच असायचा. पण झग्याला तो तसाच लागतो. झगा घालतात डोक्यावरून, बटणं काही रोज कुणी उघडत नाही, एकदा लावली की लावली. फास जेवढा घट्ट तेवढी ती ओळ सरळ दिसते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झालाय.

तर माझं बटण तामूच्या तपकिरी झग्यावर लागलं, अगदी वरचं, गळ्यापाशी. तिथून मी खूप जग बघितलं. बाजार, बारशी, चेरीच्या जत्रेतली गर्दी. मग झगा विरला, त्याची फडकी झाली, आणि तामूनं बटणं काढून चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यात काय सांगू तुम्हाला. अंधार, एक मोडकी कात्री आणि चहाचा वास. माणसं आम्हाला विसरतात तेव्हा रागावून विसरत नाहीत, साधं झाकण लावतात.

आणि मग ते झालं.

बतूल एका सकाळी कणीक मळत होती. मळता मळता उजवा हात परातीत तसाच पडून राहिला. हातावरून वारं गेलं. डॉक्टर झाले, मालिश झाली, पाय वाचला, बोलणं वाचलं, पण हात काही उठेना. बटणं करणारा हात.

बतूलनं दार लावून घेतलं. खरंच दार लावलं हो, आमच्या गल्लीत दुपारी कुणाचं दार बंद नसतं. ती आत पलंगावर, हात शालीखाली. लोक भेटायला यायचे आणि सगळे एकदम गोड बोलायचे. हळू आवाजात. बतूलची सून विदाद तर जीव टाकणारी पोर, ती सासूला मानानं लल्ला म्हणते. म्हणायची, लल्ला, मी भरवते, लल्ला, मी पुसते, लल्ला, तुम्ही नुसत्या पडून राहा. तामूही आली. आणि तीही गोड बोलली. बतूल तिच्याकडे बघतच राहिली, म्हणजे हीसुद्धा? आयुष्यभर भांडलेली बाई असं लोण्यासारखं बोलायला लागली म्हणजे आपण संपलोच, असं तिला वाटलं असणार. तिनं तोंड भिंतीकडे केलं. पुढच्या खेपेला तामू आली तेव्हा विदादनं दारातच सांगितलं, की झोपल्यात. त्याच्या पुढच्या खेपेलाही झोपल्यातच.

तामूला घरी चैन पडेना. समोरचं दार बंद आणि ही एकटी उंबऱ्यावर. कुणाला म्हणणार, तुझं बटण जाडं? शेवटी तिनं डबा उघडला.

तिला वाटलं, बतूलच्या हाताला काहीतरी द्यावं. डब्यात बोट फिरवलं, आणि माझं बटण तिच्या बोटाला लागलं. तिनं लगेच ओळखलं, कडक होतं ना. मग तपकिरी दोरा काढला, मेण चोळलं, टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि गाठी मारायला बसली. डावी दोरी वरून, उजवी खालून, ओढ. उजवी वरून, डावी खालून, ओढ. मध्ये एक लाल मणी. मणी तिच्या तुटलेल्या माळेतले, पोवळ्याच्या रंगाचे, खरं पोवळं नव्हे. गाठ ओढताना ती स्वतःशी पुटपुटायची आणि दर वेळी मी थोडा थोडा मी होत गेलो. असं वाटतं ना, की अरे, हे माझं अंग आहे. तसं.

शेवटी फास केला. आणि इथे चुकली.

आयुष्यभर झग्याचे फास केलेली बाई. बोटांनी सवयीनं तोच फास केला, तोच घट्टपणा. मग मला मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी, बटण फासात घालून बघितलं. एकदम चापून बसलं. तामू खूश. मनगटावर घालून बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. अहो, मनगटावरचं बटण लावायला माणसाला एकच हात उरतो. दुसरा तर मनगटाचाच असतो ना.

थाळीत चेरी, चेरीवर मी, असं करून तामूनं मला विदादकडे दिलं. म्हणाली, माझं नाव सांग, आणि झोपल्या असतील तर उठवू नको.

बतूलनं विदाद जाईपर्यंत मला हातही लावला नाही. मग उचललं. बटण चिमटीत धरलं आणि अंगठा त्याच्यावरून फिरवला. स्वतःचं बटण तिला कळणार नाही? मला वाटलं, आता घालते.

घालायचं म्हटलं तर डाव्या मनगटात कसं घालणार, लावायला उजवा हात कुठाय? म्हणून तिनं उजवा हात शालीखालून ओढून मांडीवर ठेवला, मला त्याच्यावर टाकलं आणि डाव्या हाताने बटण ढकलायला लागली. जाईना. डावा हात तसा अडाणीच, त्याला कधी काही शिकवलंच नव्हतं. फास दातात धरला, बटण बोटानं रेटलं, जाईना. मी जीव खाऊन सैल व्हायला बघितलं, मित्रांनो, पण दोरा मेणाचा, नवा, मी तरी काय करू. बटण फासाच्या तोंडापर्यंत यायचं आणि घसरायचं. शेवटी तिनं मला उशीखाली खुपसलं. विदादनं विचारलं, मी लावून देऊ का लल्ला? तर म्हणाली, नको, मला आवडलाच नाही.

उशीखालून मी ऐकत होतो. ती झोपत नव्हती.

दोन-चार दिवस गेले असतील. विदाद नळावर पाण्याला गेली, तिथे तामू. तामूनं विचारलं, गोफ घातला का गं तिनं? विदाद साधी, तामूला ती खाला म्हणते, मावशी या अर्थानं. म्हणाली, नाही हो खाला, बटण लागतच नाही, लल्लांनी खूप प्रयत्न केला, फास फार घट्ट झालाय म्हणे.

एवढंच. पण तामूच्या डोक्यात काय भडका उडाला. आजारपण, दया, गोड बोलणं, सगळं एका झटक्यात विसरली ती. बादली तिथेच ठेवली, आमच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली, आणि वर बघून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फास बरोबर आहे. बटणच जाडं आहे मेलीचं. आधीपासूनच जाडं."

विदाद धावत आली, म्हणाली, खाला, हळू, त्या आजारी आहेत.

"आजारी हाताने आहे, कानाने नाही," तामू म्हणाली. "ऐकू दे."

आणि बतूल उठली. मला उशीखालून काढलं, डाव्या मुठीत आवळलं, डोक्याचा रुमाल वाकडा, घरातल्या सपाता तशाच, शाल अर्धी पलंगावरच राहिली, आणि दार उघडून सरळ बाहेर. इतक्या दिवसांनी ऊन लागलं तर डोळे किलकिले झाले तिचे, पण थांबली नाही. लोळागोळा हात तसाच लोंबत होता, सगळ्या गल्लीसमोर, आणि तिला त्याचं भानच नव्हतं.

"माझं बटण जाडं? अगं, माझ्या बटणावर फेजच्या वऱ्हाडांनी मिरवलंय. तुझा फास बघ आधी. उंदराच्या गळ्यात बसणार नाही."

"तुझं बटण म्हणजे बटाटा आहे."

"मग तू हाताने लावून दाखव. ये. स्वतःच्या मनगटात घाल आणि लावून दाखव."

उंबऱ्याउंबऱ्यावरच्या सुया थांबल्या. तामूनं मला हिसकावून घेतलं, डाव्या मनगटावर टाकलं आणि उजव्या हाताने बटण फासाशी नेलं. गेलं नाही. परत नेलं. नाही. अंगठा, तर्जनी, सगळं करून झालं. मनगट पोटाशी दाबलं, भिंतीशी दाबलं. मी घसरून खाली पडलो, तिनं उचललं, परत लावायला गेली. चांगला धडधाकट, तरबेज उजवा हात तिचा, आणि लागेना. तिचा चेहरा मी अगदी जवळून बघत होतो. ती हळूहळू लाल झाली, मग लाली उतरली. कारण तिच्या लक्षात आलं की हिनं हे डाव्या हाताने केलं असणार. दातानं केलं असणार. एकटीनं.

कुणी हसलं नाही. तामू खाली उंबऱ्यावर बसली, पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावला, मग मान खाली घालून खिशातून सुई काढली. म्हणाली, "फास उसवते. सैल करून देते. चुकलंच माझं."

बतूलनं डावा हात माझ्यावर ठेवला. असा, घट्ट.

"हात लावायचा नाही. एवढी वर्षं सांगतेय घट्ट आहे, घट्ट आहे, तेव्हा ऐकलं नाहीस. आता रोज सकाळी यायचं आणि स्वतःच्या हाताने लावून द्यायचं. तेव्हा कळेल."

"रोज?"

"रोज. तुझी शिक्षा आहे ती."

तामू नाक ओढत म्हणाली, की येईन, पण चहा देशील का? तर बतूल म्हणाली, विदाद करेल, साखर तू घाल, ती कमी घालते.

आणि मित्रांनो, तेव्हापासून माझी कामाची वर्षं सुरू झाली. सकाळी पाव भाजायला गल्लीच्या भट्टीवर गेला की तामू समोरच्या दारातून इकडे. बतूल उजवा हात डाव्या हाताने उचलून तिच्या मांडीवर ठेवायची. तामू दोन हातांनी मला लावायची, लावताना दर वेळी कुरकुर, दर वेळी टोमणा, मग पुदिन्याचा चहा, मग सगळ्या गल्लीची उजळणी. संध्याकाळी काढायलाही तामूच. आणि एकदा गोफ घातला म्हटल्यावर बतूल कशाला आत बसते? ती उंबऱ्यावर बसायला लागली, हात उघडा, मी त्याच्यावर. नव्या सुनांची बटणं तिच्यापुढे यायची आणि ती अंगठ्याने दाबून सांगायची, हे पोकळ, हे उसव, हे जाऊ दे फेजला. त्यांच्यातल्या एकीनं मला बघून विचारलं, असा गोफ मलाही करून द्याल का? तामू म्हणाली, देईन, पण फास सैल करीन, तुझ्याकडे रोज यायला मला वेळ नाही. माझी मान किती ताठ झाली असेल तेव्हा. म्हणजे मान मला नाही, पण तसं वाटलं.

आता खरी गोष्ट. ही कुणालाच सांगितली नव्हती मी.

दोरा वापरून सैल होतो. रोज बटण घालायचं, रोज काढायचं, घाम, पाणी, तामूचे कणकेचे हात. मेण निघून गेलं, पीळ मोकळा झाला, आणि माझा फास हळूहळू मोठा होत गेला. मी काही केलं नाही, आपोआप. एका दुपारी विदाद मुलांना घेऊन माहेरी गेलेली, घरात बतूल एकटी. मी सैल होऊन खाली सरकलो होतो, तर तिनं मला वर ओढलं आणि ओढताना बटण सुटलं. तिनं सहज डाव्या हाताने ते परत फासाकडे नेलं. आणि ते गेलं. सर्रकन.

ती दचकली. काढलं. परत लावलं. गेलं. डावा हातही एवढ्या काळात पुष्कळ शिकला होता. ती लावत राहिली, काढत राहिली, आणि हसू काही आवरेना तिला. मला वाटलं आता ही दारात जाऊन हाक मारणार, तामू, ये, बघ. मी अगदी तयारच होतो.

तिनं हाक मारली नाही. हसू गेलं, समोरच्या दाराकडे बघत बसली. मग बटण नीट काढून मला रोजच्या जागी, चहाच्या ताटलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तामू आली तेव्हा नेहमीसारखा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, किती उशीर गं, केव्हाची बसलेय.

आणि तामू? दोरीत हयात घालवलेली बाई. तिच्या बोटांना काय कळलं नसेल? बटण असं अलगद आत गेलं की मलाच लाज वाटली. पण ती क्षणभर थांबली, मग दात आवळले, कपाळाला आठी घातली आणि हुश्श करून म्हणाली, मेला अजून घट्टच आहे. म्हणजे दोघींना माहीत होतं. आणि दोघींना वाटत होतं की दुसरीला माहीत नाही. असं कितीतरी चाललं, आणि मधोमध मी.

मग परवा सकाळी बतूलच्या मनगटावरून निसटून मी विदादच्या परातीत पडलो. सरळ कणकेत. विदादनं मला काढलं, धुतलं आणि फास बोटांवर घेऊन बघितला. पोर मनापासून खूश झाली. दोघी उंबऱ्यावर बसलेल्या, तिथे येऊन म्हणाली, "लल्ला, हा केवढा सैल झालाय बघा. तुमचा तुम्हालाच लावता येईल की आता. खालांना रोज कशाला त्रास?"

"घट्ट आहे," बतूल म्हणाली.

"घट्टच आहे," तामू म्हणाली.

दोघींच्या तोंडून एकदम निघालं. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बघतच राहिल्या. विदाद बिचारी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. तिच्या हातात मी ओला, फास असा लोंबतोय की त्यातून चेरी जाईल.

तामूनं मला तिच्या हातातून घेतलं. बतूलनं हात पुढे केला. तामूनं बटण फासात घातलं, हळूच, पडू नये म्हणून बोटानं धरून ठेवलं, आणि कुरकुरली, "जाडं बटण मेलं."

बतूल म्हणाली, चहा गार होतोय.

तर मित्रांनो, वस्तू जपा, धुऊन वाळवा, डब्यात टाकून विसरू नका, हे तर मी सांगेनच, माझ्यासारख्यानं सांगायलाच हवं. पण माझं आता काय होणार ते मला माहीत नाही. सुई तामूच्या खिशात आहे. फास आवळायचा म्हटलं तर तो सैल होता हे दोघींना कबूल करावं लागेल, आणि नाही आवळला तर मी एक दिवस नळावर पडून वाहून जाईन. विदाद दारात उभी आहे, तिला अजून काही कळलेलं नाही, आणि तिला खरं सांगायची जीभ मला नाही.

तुम्ही असता तामूच्या जागी, सुई हातात घेऊन, तर काय केलं असतं?